वेणूबाई खांबेटे बंधूचे साठीस मळ्यांत जेवल्या त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. मुखीं सत्य आणि पोटीं कृतज्ञता ठेवोन लिहिलें वर्तमान ऐसें जे: शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, माघमासीं, एके राज्यीं वेणूबाई खांबेटे म्हणोन मानी बाई नांदत होत्या. त्यांचे बंधु त्रिंबकराव, तुपाचे व्यापारी, त्यांचा गोठा मोठा आणि तूप पंचक्रोशींत नांवाजलेलें. एकदां त्या गोठ्यांत वासरूं दूर बांधिलेलें आणि गाय हंबरतां बाईंनीं पाहिली, आणि त्या दिवसापासोन दूध, दहीं, तूप, मध, जनावरांपासोन येईल तें सर्व वर्ज्य केलें. ऐसियांस हल्लींचे लोक व्हीगन म्हणतात. त्रिंबकराव कोपोन बोलिले, "माझें तूप तुला विष जालें काय?" आणि भावाबहिणीची पंगत मोडली. मग बाई लग्नामुंजीस जात आणि एखादें केळें खाऊन उपाशी परतत.

पुढें त्रिंबकरावांची साठी आली. मेजवानी सकूबाई ढमढेरे यांचे मळ्यांतील हॉटेलीं ठरली, जेथें सकाळीं शेतीं जें उपजेल तेंच दुपारीं पानीं पडावें. त्रिंबकरावांनीं स्वतः फोन करोन, "ये. मागचें कांहीं काढीत नाहीं," इतकेंच म्हटलें. बाईंस आनंद जाला आणि धास्तीही पडली, कीं तूप घ्यावें तर व्रत मोडतें, आणि न घ्यावें तर ऐन साठीस भावाचा अपमान होतो. तरी गेल्या. आंब्याखालीं पानें मांडलीं आणि सकूबाई तुपाची लोटी घेवोन वाढीत आल्या, आणि बाईंनीं पानावर आडवा हात धरिला. त्रिंबकरावांनीं मान खालीं घातली. मग सकूबाईंनीं लोटी बाजूस ठेविली आणि बाईंसमोर बसोन पुसिलें, "ताई, नको तें राहूं द्या. आवडतं काय, तें सांगा." ऐसें बाईंस आजवर कोणीं पुसिलें नव्हतें. म्हणाल्या, "ओला हरभरा." सकूबाई तैशाच वावरांत गेल्या आणि हरभऱ्याचे डहाळे उपटोन आणिले, आणि उसळ केली, आणि निखाऱ्यावरील वांग्याचे भरितावर करडईचें कच्चें तेल सोडिलें, आणि ज्वारीची पातळ भाकरी, जवसाची चटणी, नारळाचे दुधांत भोपळ्याची गुळचट खीर, ऐसें पान सजविलें. बाई पहिला घांस घेवोन डोळे मिटोन बसल्या. त्रिंबकराव पाहत होते. एकाएकीं बोलिले, "सकूबाई, मलाही हेंच वाढा." मग भरीत चाखोन म्हणाले, "झकास! यावर चमचाभर तूप असतें तर—" आणि जीभ चाविली. बाईंस हंसूं फुटलें. म्हणाल्या, "दादा, तू घे कीं. मी कुठें तुझा हात धरला?" आणि तेही हंसले, आणि तूप न मागतां दुसरी भाकरी मागितली, आणि भोजन सायंकाळपर्यंत चाललें. निघतांना बाई चुलीपाशीं गेल्या आणि सकूबाईंचे पिठाचे हात दोन्हीं हातीं धरोन, "आज पोटभर जेवलें हो," म्हणाल्या. सकूबाई बोलिल्या, "मळ्यानं दिलं, ताई. पुन्हा या, वाल येतील."

तात्पर्य, बंधूंनीं तूप सोडिलें नाहीं, बाईंनीं व्रत सोडिलें नाहीं, आणि दोघें शेजारीं बसोन जेवलीं. पाहुण्यास आधीं आवड पुसणारीचें कल्याण असो. हकीकत समाप्त.