सेप स्टॉब्जच्या वाफ्यातला मध्यबिंदू

प्रदेशाकडे तसं पाहिलं तर सगळं होतं. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला मेंढ्यांनी भरलेले डोंगर, मधे बंद पडलेल्या कोळशाच्या खाणी, त्या खाणींवर नजर ठेवणारं एक विकास मंडळ, आणि त्या मंडळाला नजर ठेवायला काहीतरी असावं म्हणून एक अर्थव्यवस्था. अर्थव्यवस्था जरा अशक्त होती. लंडनहून दरवर्षी इंग्लंडच्या प्रदेशांची क्रमवारी जाहीर होई आणि तीत आपला प्रदेश शोधायला मंडळाच्या लोकांना फार वेळ लागत नसे. ते खालूनच वाचायला सुरुवात करत.

शेवटी मंडळानं सल्लागार नेमले. त्यांनी वर्षभर अभ्यास करून निदान केलं, की प्रदेशाला किनारा आहे, सीमा आहेत, पण मध्य नाही. ज्या प्रदेशाचा मध्य कुठे आहे हे ठाऊक नाही, त्याच्या मध्यभागी गुंतवणूक कोण करणार? हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की तो कुणाला समजला नाही आणि एकमतानं मंजूर झाला.

मध्य काढण्याची रीत सोपी आहे. प्रदेशाचा नकाशा जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा, कडेनं कापायचा आणि सुईच्या टोकावर तोलून धरायचा. जिथं तो तोलला जातो तो मध्य. मंडळानं हे काम संगणकाकडून करून घेतलं, आणि संगणकावर विश्वास नसलेल्या सभासदांसाठी पुठ्ठ्यानंही. दोन्ही उत्तरं एकच आली: हॅसेलबर्न गाव, खाणकामगारांच्या जुन्या मळ्यांची जागा, सेप स्टॉब्जचा वाफा.

त्या वाफ्यात लीक होते. लीक ही कांद्याच्या पातीच्या जातीची भाजी. पण हॅसेलबर्नमध्ये तिला भाजी म्हणणं म्हणजे शर्यतीच्या घोड्याला वाहन म्हणण्यासारखं. सप्टेंबरात गावच्या क्लबात लीकचं प्रदर्शन भरे. घनफळ मोजून ज्याची जोडी सर्वांत थोर, त्याला चषक. सेपच्या बापानं तो जिंकला होता, आजानं जिंकला होता. सेपनं मात्र आयुष्यभर दुसरा क्रमांक पटकावला होता, कारण मधला एक मळा सोडून पलीकडे कथबर्ट हेस्लॉप राहायचा. राहायचा म्हणजे अक्षरशः. ऑगस्ट लागला की दोघेही लीकची राखण करत आपापल्या खोपटात झोपत. यंदा सेपची जोडी माणसाच्या पोटरीएवढी झाली होती. तो त्यांना रोज थोडी बिअर पाजे आणि उरलेली स्वतः पिई.

अशा वेळी मंडळाच्या भूगोल विभागातल्या मिस पर्व्हिस हातात एक यंत्र घेऊन वाफ्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"काय शोधताय, बाई?" सेपनं विचारलं.

"मध्य."

"सापडला का?"

"तुम्ही त्याच्यावर उभे आहात."

सेपनं एक पाय उचलून खाली पाहिलं. मग दुसरा.

मिस पर्व्हिसनी समजावून सांगितलं, की इथं एक दगडी स्तंभ उभा राहील, मंडळाचे अध्यक्ष त्याचं उद्घाटन करतील आणि त्यानंतर प्रदेशाचा विकास सर्व दिशांना सारख्या वेगानं पसरेल.

"मग तो दगड जरा बाजूला ठेवा की. त्या कोबीच्या पलीकडं."

"बाजूला ठेवला तर तो मध्य राहणार नाही, मिस्टर स्टॉब्ज. ती प्रदेशाची फसवणूक होईल."

"प्रदेशाला काय कळतंय त्यातलं?"

"प्रदेशाला नाही कळत. लेखापरीक्षकांना कळतं."

"प्रदर्शनापर्यंत तरी थांबा. तीन आठवडे!"

"उद्घाटन त्याच्या आधी आहे. फीत आणलीय."

कुंपणापलीकडून कथबर्टचं डोकं वर आलं. "अभिनंदन रे, सेप! राजधानीच झाली की लेका तुझी! आता लीक कुठं लावणार, बकिंगहॅम राजवाड्यात?"

सेपची बायको ऑड्रे चहाची किटली घेऊन आली होती. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती काय ते समजली. तिनं मिस पर्व्हिसना चहा दिला, बिस्किट दिलं आणि मग कमरेवर हात ठेवले.

"पोरी, माझं माहेर किनाऱ्यावरचं. तिथं समुद्र दिवसातून दोनदा मैलभर आत जातो आणि दोनदा परत येतो. तुम्ही हा जो प्रदेश मोजलात, तो सकाळचा की दुपारचा?"

तिला फक्त टोमणा मारायचा होता. पण मिस पर्व्हिसनी बिस्किट चहात बुडवलं ते बाहेर काढलंच नाही.

मंडळाची तातडीची बैठक भरली. ओहोटीला पूर्वेची वाळू उघडी पडते, प्रदेश तेवढा वाढतो आणि त्याचा मध्य तेवढा पूर्वेला सरकतो, हे तज्ज्ञांनी मान्य केलं. किती सरकतो? फार नाही. एक मळा ओलांडून, कथबर्ट हेस्लॉपच्या वाफ्यापर्यंत.

ही बातमी कळली तेव्हा सेप कुंपणापाशी मुद्दाम पाइप ओढायला गेला. "कथबर्ट, राजवाड्यात जागा आहे का विचारून ठेव रे. तुला लागेल."

पण त्याचा आनंद फार टिकला नाही. मंडळावरचे किनाऱ्याकडचे सभासद म्हणाले, वाळू हा प्रदेशाचा अविभाज्य भाग आहे, ओहोटीचाच मध्य खरा. डोंगराकडचे म्हणाले, बुडते ती जमीन नव्हे, भरतीचाच खरा. दोन्ही बाजू पटण्यासारख्या असल्यामुळे मंडळानं दोन्ही मान्य केल्या. स्तंभ चाकांवर बसवायचा, वाफ्यापासून वाफ्यापर्यंत रूळ टाकायचे आणि भरती-ओहोटीप्रमाणे तो ढकलत राहायचं, असं ठरलं. योजनेचं नाव 'गतिमान मध्य'.

रूळ पडले. मधल्या मळ्यातले बटाटे गेले. सेपच्या वाफ्यात खोपटाच्या कडेची एकच जोडी वाचली, आणि योगायोगानं ती थोरली होती. कथबर्टचीही एकच वाचली. ती थोरली होती की नाही, हे तो सांगेना.

स्तंभ ढकलायला स्थानिक मनुष्यबळ हवं होतं. दुसरं कुणी आलं तर लीक तुडवील, म्हणून दोघा म्हाताऱ्यांनी ती नोकरी पत्करली. त्यामुळे हॅसेलबर्नमधला रोजगार एका आठवड्यात दुप्पट झाला; आधी गावात कामावर होते ते क्लबची बाई आणि पोस्टमन. लंडनच्या पत्रकात हॅसेलबर्नचा उल्लेख देशातलं सर्वांत वेगानं वाढणारं गाव असा झाला, आणि वाढत्या गावाला जे लागतं ते ताबडतोब मंजूर झालं: वाहनतळ.

"वाहनं कुठायत?" सेपनं विचारलं.

"पर्यटक येतील ना," मिस पर्व्हिस म्हणाल्या. "हजार पर्यटक झाले की उरलेल्या जागेवर डांबर पडेल. नियमच आहे. एकही कमी असला तर पडणार नाही, तोही नियमच आहे."

उरलेल्या जागेत दोन जोड्या लीक होते. डांबराची गाडी मात्र फाटकाशी येऊन उभी होती, कारण तिचं भाडं या आर्थिक वर्षात खर्च होणं गरजेचं होतं.

पर्यटक काही येईनात. चाकांवरचा दगड पाहायला येणार कोण? सेप खूश होता. पण अध्यक्षांना आकडा हवा होता, आणि आकडा येत नसेल तर व्याख्या तरी पुढे जावी लागते. आधी गावातून जाणाऱ्या बसचे प्रवासी धरले गेले. ते उतरले नाहीत, पण त्यांच्यापैकी काहींनी बाहेर पाहिलं होतं. मग ज्यांनी मध्याविषयी ऐकलं आहे ते धरले. शेवटी मंडळानं 'दूरस्थ पर्यटक' हा नवा वर्ग निर्माण केला: जगात कुठेही, कोणत्याही भाषेत, हॅसेलबर्नच्या मध्याविषयी वाचणारी व्यक्ती. मात्र हिशेब चोख असावा म्हणून एक अट घातली, की अर्धवट वाचून सोडून देणारे धरायचे नाहीत.

सेप आणि कथबर्ट यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका टेबलावर बसून बिअर घेतली. त्यांनी क्लबात सगळ्यांना दम भरला, कुणी काही बोलायचं नाही, लिहायचं नाही. वर्तमानपत्राचा माणूस आला, त्याला वाटाण्याचं पिठलं घातलेला जाड पाव खायला घालून परतीच्या बसमध्ये बसवलं. "मध्य आज सुट्टीवर आहे," कथबर्टनं त्याला सांगितलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी दोघांनी स्तंभ ओढून भरतीच्या जागेवर आणला आणि त्याला टेकून बसले. समोर दोन जोड्या, ओल्या आणि जाडजूड.

"तुझी माझ्यापेक्षा मोठी आहे रे," कथबर्ट म्हणाला. हे वाक्य ऐकायला सेप चाळीस वर्षं थांबला होता. त्यानं नाक शिंकरलं.

"उद्या सकाळी काढायच्या. पर्यटक किती झाले?"

"एक कमी आहे म्हणतात. राहील कमी. आपल्याबद्दल कोण वाचायला बसलंय?"

तेवढ्यात फाटकातून मिस पर्व्हिस आल्या. त्यांच्या हातातल्या पडद्यावर त्यांची नजर खिळली होती.

"मिस्टर स्टॉब्ज, मला फार वाईट वाटतंय. कुणीतरी वाचतंय. खूप लांबून. मराठी म्हणून भाषा आहे."

"वाचेनात का! अर्ध्यात सोडतील."

"अर्धं केव्हाच झालं. ते शेवटाला आलेत."

फाटकाशी डांबराच्या गाडीचं इंजिन सुरू झालं. सेप धडपडत उठला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"अहो!" तो ओरडला. "आता किती राहिलंय? एकच ओळ ना? मग ती नका वाचू! तुमच्या पाया पडतो, इथंच थांबा!"

गाडीवाल्यानं गिअर टाकला.