भाव चढेपर्यंत थांबणारे आप्पा

भानुदास आप्पांना दुपारी बाराला चहा पाजून बघा. पिणार नाहीत. "आत्ता चहाला भाव न्हाई," म्हणतात. संध्याकाळी घसा सुकला की मगच चहाची किंमत कळते, असा त्यांचा सिद्धांत. चहाचे पैसे आपण देतो, भाव मात्र ते ठरवतात.

निमोण्याच्या माळावर आमचं बॅटरी केंद्र आहे. रांगेनं पांढरे कंटेनर आणि एक खोली. खोलीत आप्पा आणि मी. काम सोपं. दुपारी ऊन रणरणतं, सोलरची वीज मातीमोल होते, ती बॅटरीत भरायची. दिवेलागणीला भाव चढतो, तेव्हा ती बाजारात विकायची. भाव आपण सांगायचा. फार सांगितला तर कुणी घेत नाही. किती सांगायचा ते कॉम्प्युटर सुचवतो. आप्पा त्याला 'अडाणी' म्हणतात.

कारण आप्पांचा जन्म कांद्यात गेला. वखारीत माल ठेवून भावाची वाट बघायची. "आपून आदी तोंड उघडायचं न्हाई," हे त्यांचं ब्रीद.

ते त्यांनी घरातही लावलं. त्यांच्या मुलीनं, सुनंदानं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि दौंडला संसार थाटला. आप्पा लग्नाला गेले नाहीत. आता तिचा फोन आल्याशिवाय आपण करायचा नाही. पण मुलगीही त्यांचीच, तीही थांबलेली. मोबाइल वाजला की आप्पा झडप घालतात, बघतात, परत खिशात ठेवतात. "लोनवालं हाय," म्हणतात. मला तर असा राग यायचा!

"अहो आप्पा, करा की एक फोन!"

"थांब रं. घाई कशाला?"

परवा संध्याकाळी विजेचंही तेच केलं. 'अडाण्या'चा भाव खोडून स्वतःचा चढा टाकला. कुणी घेतली नाही. मग आणखी चढवला. लोकांची जेवणं झाली, भाव उतरला, बॅटरी भरलेली तशीच. "ऱ्हाऊ दे. वीज काय सडती व्हय?"

दुसऱ्या दुपारी वीज जवळजवळ फुकट मिळत होती आणि ठेवायला जागा नव्हती. पुण्याहून साहेबांचा फोन आला. आप्पांनी स्पीकरवर घेतला.

"आप्पा, हा कांदा नाही. तुम्ही धरून बसलात, म्हणून आज दारात आलेलं घेता येईना."

मला वाटलं, आता साहेबांना बाजार शिकवणार. पण आप्पा एवढंच म्हणाले, "चुकलं, साहेब." हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

साहेबांनी फोन ठेवला. मग मोबाइल काढून नंबर दाबला, पाठ असलेला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"सुनंदा... मी बोलतोय. आदी मीच केला बरं का."

 पलीकडून रडणं. सगळ्या खोलीत ऐकू येत होतं, कारण आप्पांनी सवयीनं हाही फोन स्पीकरवरच लावला होता.

"अगं, रडती कशाला? काय बोललो का मी तुला?" म्हणत त्यांनी टोपीनं स्वतःचे डोळे पुसले. मीही बाहीनं डोळे पुसले, खोटं कशाला बोलू?

"आप्पा, कवा येताय?"

"ह्यो काय, निघालोच," म्हणत आप्पा चपला शोधायला लागले. शिफ्ट अजून अर्धी बाकी होती. चपला टेबलाखाली होत्या. मी पायानं पुढं सरकवल्या.