नाक मुरडलेलं घड्याळ

"काका, हे घड्याळ साठ वर्षांचं ना? मग याच्या तोंडावर एकही सुरकुती कशी नाही?"

लिलावाच्या दालनात, भर गर्दीत, बाबांसोबत आलेल्या मुलीने हे विचारलं, कारण मैत्रिणींनी पैज लावली होती: लिलावात सगळ्यांसमोर प्रश्न विचारलास तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू. लिलाववाले काका गोड हसले. "जपून वापरलंय, बाळ."

"मग कडा कशा झिजल्या? नुसतं तोंडच जपलं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. एका गिऱ्हाइकाने झाकण उघडायला लावलं. आतल्या स्क्रूंची डोकी दहा जणांनी खरवडलेली आणि तबकडी परवाच रंगवलेली! भाव धाडकन कोसळला.

बाबांचा चेहराही. तेच घड्याळ तर ते घेणार होते! याआधीची दोन 'दुर्मिळ' घड्याळं नकली निघून कपाटात पडली होती. आईने बजावलं होतं, "तिसरंही तसलंच निघालं, तर लिलाव हा शब्द घरात काढायचा नाही." मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं; पण मेव्हण्याला विचारण्यापेक्षा फसलेलं बरं, हा बाबांचा बाणा. लेक मात्र दर रविवारी मामाच्या भिंगाला डोळा लावून बसायची.

आता अख्खं दालन तिच्या मागे. ती वाकली की चौघे वाकत. ती "वा" म्हणाली की लोक वहीत टिपून घेत, "अं" म्हणाली की खोडून टाकत. काका बाबांच्या कानाशी लागले, "साहेब, हिला जरा बाहेर फिरवून आणा ना!"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये तिला एक मनगटी घड्याळ दिसलं. बंद पडलेलं, काच ओरखडलेली, तबकडी चहा सांडल्यासारखी पिवळी. पण काटे आणि आकडे अगदी सारखेच पिवळे, कडा धारदार आणि मागच्या झाकणावर हत्याराची एकही खूण नाही. म्हणजे याला कुणी हातच लावला नव्हता! 'वा' अगदी तिच्या ओठांवर आलं. पण चौघे वाकलेलेच होते.

"शी!" तिने नाक मुरडलं. "हे तर भंगारवालासुद्धा नको म्हणेल."

गर्दी पांगली. बोलीची वेळ आली, तेव्हा त्या घड्याळासाठी एकही हात वर होईना. "एक वार... दोन वार..."

"बाबा, हात!"

"अगं, तूच शी म्हणालीस ना!"

"ते लोकांसाठी!"

"मग मी कोण?"

वाद घालायला वेळ नव्हता. तिने बाबांचा हात कोपराला धरून खाडकन उंचावला. हातोडा पडला.

संध्याकाळी आईने दोघांना थेट मामाच्या दुकानात नेलं. मामाने झाकण उघडलं आणि भिंग लावलं. आईने पदर घट्ट धरला.

"भावजी, आतला एकही स्क्रू हललेला नाही. दिलेत त्याच्या वीसपट किंमत आहे याची." त्याने हलकेच चावी दिली. टिकटिक सुरू झाली. आई चक्क हसली.

बाबांची छाती फुगली. "शेवटी नजर कुणाची! आता घरी गेलो की टूथपेस्टने तबकडी घासून लख्ख करतो."

मामाच्या हातातलं भिंग गळून पडलं. लेकीने घड्याळ उचललं, स्वतःच्या मनगटावर बांधलं आणि बाही खाली ओढली.

"आई, बाबा, ठरलं. हे माझ्या हातावर राहणार. बाबांना वेळ हवी असली, की त्यांनी मला विचारायची."