फुकटचं चिकन

"उठू देऊ नकोस त्याला! बाकाला बांधून ठेव!" हार्लन क्रूपा कोचच्या मानेमागून गरजला.

"मालक, पाणी प्यायला उठलाय तो," कोच रुईझ दातओठ खात म्हणाला.

"मग पाणी जागेवर नेऊन द्या! फुकट नोकरी करताय का सगळे?"

ज्याला बांधायचं होतं तो लॅमॉन्ट ट्रेडवेल, टोलेडोच्या बास्केटबॉल संघाचा सात फुटी खेळाडू, निमूटपणे खाली बसला. हंगामाचा शेवटचा सामना, तोही लुईव्हिलच्या मैदानावर, आणि एवढा धडधाकट गडी बाकावर. कारण एकच, हार्लनचं तोंड. तीन वर्षांपूर्वी करार करताना तो रागाच्या भरात बोलून गेला होता, "या ओंडक्याने एका हंगामात शंभर फ्री थ्रो बास्केटमध्ये टाकून दाखवावेत, दहा लाख डॉलर वर देईन!" लॅमॉन्टच्या वकिलाने हसत हसत ते करारात घातलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेव्हा लॅमॉन्टचे फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे बिनअडथळ्याचे फेके, बास्केटपेक्षा प्रेक्षकांनाच जास्त लागत. आज त्याचे यंदाचे नव्याण्णव झाले होते.

एरवी बॉयलर विकून गबर झालेल्या हार्लनने दहा लाखांचं एवढं मनावर घेतलं नसतं. पण संघाच्या एकूण पगाराला लीगने एक रेष आखून दिली आहे. रेष ओलांडणाऱ्या मालकाने कर भरायचा, आणि तो कर रेषेखालच्या मालकांनी आपसांत वाटून घ्यायचा. हार्लन सलग तीन वर्षं कर भरत होता आणि कराचा दर चढत चढत चौपटीवर गेला होता. यंदा त्याने दोन चांगले खेळाडू घालवले, टॉवेलसुद्धा मोजून दिले, तेव्हा कुठे संघ केसभर रेषेखाली आला. लॅमॉन्टचा एक चेंडू आत गेला की ते दहा लाख पगारात धरले जाणार आणि सगळं मुसळ केरात.

डोरीनने, म्हणजे बायकोने, निक्षून सांगितलं होतं, "अर्धा कारखाना माझ्या नावावर आहे, हार्लन. यंदा कर बसला तर संघ त्या सिअ‍ॅटलवाल्याला विकायचा. नाटकं नकोत." सिअ‍ॅटलवाला संघ उचलून सिअ‍ॅटललाच नेणार होता. टोलेडोत संघ नाही, ही कल्पनाच हार्लनला सोसत नव्हती. या एका गोष्टीसाठी तो कुणाच्याही पाया पडला असता, पण त्याला पाया पडता येत नव्हतं, ओरडता तेवढं येत होतं.

त्यात लुईव्हिल संघाचा मालक व्हर्नन हा डोरीनचा धाकटा भाऊ. स्वस्तातले खेळाडू घ्यायचे, दर वर्षी तळाला राहायचं आणि हार्लनच्या करातला वाटा खिशात टाकायचा, हा त्याचा धंदा.

"दाजी, खुर्ची मऊ आहे ना?" मागच्या रांगेतून तो वाकून म्हणाला. "गेल्या वर्षी तुमच्याच पैशातून बदलल्या."

हार्लनची तळपायाची आग मस्तकात गेली. लाथ मेहुण्याला घालायची होती, ती घातली पायाजवळच्या कोल्ड्रिंकच्या ग्लासाला. ग्लासातला बर्फ थेट मैदानात गेला, आणि त्यावर टोलेडोचाच उंच खेळाडू धाडकन घसरून घोटा धरून बसला. दुसरा उंच खेळाडू सहा फाउल करून आधीच बाहेर गेलेला.

"लॅमॉन्ट, चल," कोच म्हणाला.

"लॅमॉन्ट नाही!"

"मग तुम्ही उतरा! बर्फ तुम्हीच टाकलाय ना?"

लॅमॉन्ट उतरला. व्हर्ननने आपल्या कोचला नुसती मान हलवली, आणि लुईव्हिलच्या पोरांनी लॅमॉन्टला अशी मिठी मारून पाडलं की जणू वर्षानुवर्षांनी भेटलेला भाऊच. दोन फ्री थ्रो.

त्याला 'चुकव' म्हणायची सोय नव्हती. खेळाडूंच्या युनियनने हार्लनला कोर्टात खेचलं असतं. पण लुईव्हिलची एक रीत आहे. पाहुण्या खेळाडूने लागोपाठ दोन फ्री थ्रो चुकवले की अख्ख्या प्रेक्षागाराला चिकन सँडविच फुकट. कर्ण्यांवरून पुकारा झाला आणि लोक बास्केटच्या मागे लांब लांब फोमचे दांडे हलवत किंचाळायला लागले. हार्लनच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तो तिकडे धावला, एका जाड्या बाईच्या डोक्यावरची पिवळी कोंबडीची टोपी उपटून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि दांडा फिरवत बोंब ठोकली, "चुकव, ओंडक्या! चुकव!"

पहिला चुकला. हार्लनने त्या बाईला मिठी मारली.

"माझी टोपी!" बाई ओरडली.

"दहा टोप्या घेऊन देईन, बाई! ओरडा!"

तेवढ्यात कॅमेऱ्याने त्याला टिपलं. वरच्या भल्यामोठ्या पडद्यावर कोंबडीची टोपी घातलेला टोलेडोचा मालक नाचताना दिसला आणि सगळं मैदान हसत सुटलं. लॅमॉन्टने वर पाहिलं. मग त्याने चेंडू एकदाच आपटला आणि फेकला. रिंगला न शिवता तो जाळीतून खाली आला.

सामना कोण जिंकलं ते हार्लनला कळलंसुद्धा नाही. आतल्या बोळात त्याने लॅमॉन्टला गाठलं.

"तीन वर्षं तुला पोसलं! आणि आजच तुझा नेम बसायचा होता?"

"ओरडू नका, मालक." लॅमॉन्टचा आवाज कधी नव्हे तो चढला होता. "मी दोन्ही चुकवणार होतो. पहिला मुद्दाम चुकवला."

"काय?"

"संघ सिअ‍ॅटलला गेला तर मलाही जावं लागेल. माझी आई टोलेडोच्या चर्चमध्ये गाते. म्हणाली, या वयात मी कुठे येऊ? म्हटलं, गेले दहा लाख तर गेले."

"मग दुसरा कशाला घातलास, गाढवा?"

"तीन वर्षं तुमच्या शिव्या खाल्ल्या. म्हटलं, आपला मालक आहे, आपल्यासाठीच तळमळतोय. आज बघतो तर तुम्ही त्यांच्यात उभे राहून माझ्यावर ओरडताय. डोकं फिरलं माझं. आणि डोकं फिरलं की माझा नेम चुकत नाही. आधीचे नव्याण्णव कसे गेले असं वाटतं तुम्हाला? प्रत्येक वेळी तुम्हीच ओरडत होतात."

आयुष्यात पहिल्यांदा हार्लनला ओरडायला कुणी सापडेना.

"आईला काय सांगू आता, ते तेवढं सांगा," लॅमॉन्ट म्हणाला आणि भिंतीवर मूठ आपटून निघून गेला.

हार्लन तिथल्याच एका खोक्यावर बसला. टोपी अजून डोक्यावरच होती. थोड्या वेळाने बोळाच्या टोकाकडून तळणीचा वास आला आणि मागोमाग व्हर्नन, हातात कागदात गुंडाळलेलं गरम सँडविच घेऊन.

"घ्या, दाजी. सगळ्यांनाच वाटायला सांगितलं मी."

"दुसरा चुकला नव्हता," हार्लन पुटपुटला. "फुकट कशाला वाटतोस?"

"फुकट कुठलं?" व्हर्ननने ते त्याच्या मांडीवर ठेवलं. "खा, तुमच्याच पैशाचं आहे."