सोनेरी अक्षरांतली विनंती

"या लग्नात आहेराची भानगडच नको!" दयानंदने छाती काढून जाहीर केलं. थोरलीच्या लग्नात कुणाची टॉवेल-टोपी आली, कुणाला परत द्यायची राहिली, कोण रुसलं, या गोंधळात त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. धाकट्या सृष्टीच्या लग्नात त्याला फक्त खुर्चीवर बसून लेकीवर अक्षता टाकायच्या होत्या. बापाची एवढी साधी इच्छा!

सृष्टीच्या ऑफिसवाल्यांसाठी पत्रिका इंग्रजीत हवी होती. दयानंदने शाळेतले इंग्रजीचे चंद्रप्पा सर गाठले. सरांचं इंग्रजी म्हणजे गोरा साहेब जाताना इथेच विसरून गेलेलं! 'आहेर आणू नये' एवढ्यासाठी त्यांनी लिहिलं, 'वुई बिसीच दी, फॉरबेअर फ्रॉम लार्जेस.'

"सर, लोकायला कळंल का?"

"बिसीच दी म्हंजे तुला विनवणी, फॉरबेअर म्हंजे आवरा, लार्जेस म्हंजे दिलदारपणे दिलेली भेट. शिकिवलं न्हवतं का तुला?"

शिकवलं होतं. दयानंदने कागद उचलला आणि छापखाना गाठला. छापखानेवाल्याने ती ओळ खाली सोनेरी अक्षरांत टाकली. ऑफिसवाल्यांना इंग्रजी आणि पाहुण्यांना मराठी दिली तर पाहुणे रुसतील, म्हणून सगळ्यांनाच इंग्रजी गेली.

लग्नाला उमरीचे ग्यानोबामामा टॉवेल-टोपी, साडी आणि वर मिक्सर घेऊन हजर! मागे अख्खी रांग.

"मामा, आहेर कशाला?"

"अरे, सोनेरी अक्षरात विनंती केलास. बिसीच म्हंजे विनंती एवढं नातवानं सांगितलं, म्होरलं त्यालाबी कळंना. आहेर सोडून दुसरी कशाची असंल? म्हनून डबल आनला!"

"बघत काय उभे राहिलाव?" बायको तुळजाबाई कडाडली. "परतीच्या टोप्या आना!"

दयानंद लातूरच्या बाजारात पळाला, गठ्ठा घेऊन आला आणि दिसेल त्या डोक्यावर टोपी ठेवत सुटला. सृष्टीवर अक्षता पडल्या तेव्हा तिचा बाप पाहुण्यांतल्या संगप्पाच्या डोक्याला टोपी बसते का ते बघत होता. त्याला रडू आलं, पण रडायलाही सवड नव्हती.

सगळं उरकून तो कसाबसा खुर्चीकडे आला. खुर्चीवर चंद्रप्पा सर, तोंड फुगवून!

"काय झालं, सर?"

"पत्रिकेत लिहिल्यापरमानं मी एकटाच मोकळ्या हातानं आलो. सगळ्यायला टोपी, मलाच न्हाई!"

टोप्या संपल्या होत्या. दयानंदने स्वतःचा फेटा उतरवून सरांच्या डोक्यावर ठेवला आणि खाली सतरंजीवरच बसकण मारली.

"आता तर बरं वाटलं का, सर?"

सरांनी फेटा चाचपला, मान डोलावली आणि म्हणाले, "ओके!"