कंपनी कायद्यावरील बेलवलीकरांची तिसरी मोहीम

श्रीगावदेवी प्रसन्न. शके १८७८, दुर्मुख नाम संवत्सरी, मौजे बेलवली येथील राजश्री बुधाजीबावा यांचे चिरंजीव हरिचंद्रराव यांणी कंपनी कायद्याचा दुर्ग कैसा घेतला, ते यथामती लिहितो. लिहिणार कोणाचे मीठ खात नाही. चहा मात्र रायांच्या मातोश्री तुळशीबाईसाहेब यांचा पितो, तेवढा पक्षपात माफ असावा.

रायांची स्वारी बी.कॉम.च्या परीक्षेत याच एका विषयी दोन वेळ पराभव पावली. पहिल्याने अकरा गुण पडले, दुसऱ्याने नऊ. मग जुना कायदा कसाबसा तोंडपाठ जाहला, तों सरकारांनी तोच बरखास्त केला आणि साडेसहाशे कलमांची नवी फौज मुलखात उतरविली. तेव्हा बुधाजीबावांणी हुकूम फर्माविला की, तिसऱ्याने पडाल तर पुस्तके चुलीत आणि तुम्ही नांगरामागे. उजूर चालणार नाही. राय बहुत घाबरे जाहले.

मग रायांणी ओटीवर मोर्चे बांधिले आणि घोकंपट्टीची शर्थ केली, आणि पहिल्याच चौकीवर अडकले. कंपनी म्हणजे काय? ग्रंथ म्हणे, या कायद्याने जी कंपनी होते ती कंपनी. शिवाय ती एक व्यक्ती. तिला देह नाही, मरण नाही, मिळकत मात्र तिची स्वतःची. ऐसियासी आमचे मुलखी कंपनी म्हणजे अंबरनाथचा काडेपेटीचा कारखाना. बुधाजीबावांणी निवाडा दिला की, जीस भोंगा नाही ती कंपनीच नव्हे. राय डोके धरून बसले.

तों तांदूळ निवडता निवडता तुळशीबाईसाहेब बोलिल्या, “आरं, गावदेवीचं श्यात कोनाचे नावान हाय? देवीचेच ना? तीन गुरव मेलं, पंच मेलं, देवी मेली का? तशीच आसंल तुझी कंपनी!”

रायांचे डोळे उघडले. देवीस भूक नाही, सही नाही, पण शेत तिचे. पंच केवळ कारभारी, आणि ते भांडले म्हणून शेताचे वाटे पडत नाहीत. मग परीक्षेस तोच प्रश्न अंगावर आला, आणि रायांणी टाक परजून गावदेवीस इंग्रजी पोशाख चढविला, आणि शेत, पंच व गुरव यांसहित तीन पाने लढविली. पस्तिसांची वेस होती. राय छत्तीस गुणांनी आत शिरले. बुधाजीबावांणी नांगर स्वहस्ते माळ्यावर टाकिला आणि कोणी न पाहेसे डोळे पुसिले.

तुळशीबाईसाहेबांणी मात्र कंपनीस नवस बोलिला होता. त्या नारळ घेऊन थेट अंबरनाथी कारखान्याचे फाटकी दाखल जाहल्या. दरवानाने आडवे होऊन पास मागितला.

बाईसाहेब गरजल्या, “पास माझा पोर झाला, मना कसला पास इचारतं!” आणि नारळ फोडिला.

तेच क्षणी दुपारचा भोंगा जाहला. बाईसाहेबांणी हात जोडिले. कंपनी नवसास पावली, फत्ते जाहली, आणि दरवानासही खोबरे पोचले, ऐसी नोंद केली असे.