जुलाब होतायत की हवाय?

आमच्या गल्लीतल्या सरकारी दवाखान्यात पाऊल टाकलं, की नाना डॉक्टर नावगाव विचारत नसत. विचारत, "जुलाब होतायत की हवाय?" गुडघा दुखत असला तरी हाच सवाल, तोही चारचौघांत. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता आपण मराठी लोक जुलाब म्हणतो ते पोट वाहण्याला. हिंदीवाले म्हणतात ते पोट साफ करायच्या औषधाला. आमच्या ग्वाल्हेरात दोन्ही भाषा एकाच तोंडात, म्हणून विचारावं हे कबूल. पण नाना अतीच करत. वाहतं पोट सापडलं, की अंगातलं पाणी किती गेलं ते कातडी चिमटीत धरून बघत, डोळे खोल गेलेत का बघत आणि समोर बसवून मीठ घातलेली पेज पाजत.

मध्य प्रदेश हे नवं राज्य झालं, ग्वाल्हेरच्या कचेऱ्या भोपाळला निघाल्या. बदलीच्या यादीत माझं नाव आलं आणि माझ्या छातीत जळजळ सुरू झाली. नानांनी जीभ पाहिली. "चहा सोड, तिखट सोड. बाकी हे भोपाळचं दुखणं आहे भई, त्याला माझ्याकडे दवा नाही."

पुढच्याच महिन्यात नानांनाही घरी बसवलं. जागेवर जबलपूरकडचा तरुण डॉक्टर आला. नाना त्याला म्हणाले, "बाकी सब भूल जाना, ये एक सवाल पूछते रहना." तो हसला. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते.

मग नाना दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले. लोक वेडा म्हणत. चौकीदारानं बाक आत नेला, तर हे उभे राहून विचारत.

भोपाळला निघायच्या आदल्या दिवशी मी चिडलोच. "नाना, पुरे की आता. शोभतं का हे?"

नाना म्हणाले, "माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी दौऱ्यावर होतो. इंदूला पहाटेपासून जुलाब. एका कंपाउंडरकडे गेली आणि तोडक्या हिंदीत म्हणाली, 'जुलाब की दवा दो.' त्यानं दिली. एरंडेल. गुणी बाई, सगळं प्यायली. मी परतलो तेव्हा सगळं आटोपलं होतं."

तेवढ्यात लुगडं नेसलेली एक बाई पोट धरून आली. नाना पुढे व्हायच्या आत मीच विचारलं, "जुलाब होतायत की हवाय?"

"होतायत हो, सकाळपासून."

"मग आत हिंदीत 'दस्त' म्हणा," नाना म्हणाले. "जुलाब म्हणू नका."

ती आत गेली.

"एवढा एक शब्द," नाना म्हणाले. "मी इंदूला शिकवला नव्हता रे."